पगार परक्यांना

शनिवार, ३ फेब्रुवारी

रॉय,

तुझ्या हिशेबनिसाचं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी भावाकडून पाकीट आलं म्हणून मी हात धुतले, चष्मा पुसला, कॉफी ओतून घेतली आणि खिडकीपाशी बसले. आत काय, तर 'प्रिय भागधारक'. कमाल आहे बाबा तुझी! बहिणीला पत्र लिहायलासुद्धा माणूस ठेवलास.

असो. त्याला विचारायचं आहे ते असं, की या वर्षीच्या कागदावर कंपनीने दिलेल्या पगाराचा आकडा एवढा खाली का आला, आणि त्यामुळे डॉक्टरसाहेबांची सवलत अर्ध्यावर का आली. तुला उत्तर देते, त्याला नाही. डॉरीनने मला हे प्रकरण दोनदा समजावलंय, तेव्हा मला कळलंय की नाही ते तू तपास.

कंपनी स्वतः कर भरत नाही. नफा तुझ्यामाझ्या नावावर निम्मा-निम्मा येतो आणि आपण आपापल्या घरून कर भरतो. त्या नफ्याच्या पाचव्या हिश्शावर सरकार कर सोडून देतं. मला सरळ सोडतं, कारण माझ्यासारखीची मिळकत बघून त्यांना कीव येत असणार. तू लोकांना भूल देऊन झोपवतोस आणि त्याचे पोतंभर पैसे घेतोस, म्हणून तुला अट. कंपनीने माणसांना जो पगार दिला, त्यातला तुझ्या वाटणीचा जो भाग, त्याच्या निम्म्यापर्यंतच तुझी सवलत. कारखान्यात माणसं असतील तर फिनिक्समध्ये तुला सवलत. माणसं गेली की सवलत गेली. जुन्या यंत्रांचाही थोडा हिशेब धरतात म्हणे, पण आपली यंत्रं इतकी म्हातारी आहेत की सरकारने ती कधीच मोजायची सोडलीत.

तर कारखान्यातला केविन गेल्या वसंतात ड्युलुथला गेला, बायकोच्या माहेरी. आणि बर्नी आता पगारावर नाही. म्हणून आकडा खाली आला. बाकी सगळं ठीक आहे. लोकांच्या सौनांसाठी भट्ट्या विकल्या जातायत, फोन वाजतोय, बर्फ खिडकीच्या वर गेलंय.

दुसरं, तू आणलेल्या त्या ओहायोवाल्या गिऱ्हाइकाबद्दल. त्याला 'राउतिओ अँड सन' हे नाव हवंय, भट्टीचा नमुना हवाय, आणि कारखाना नकोय. भट्ट्या तो तिकडे कुठेतरी करून घेणार आणि वर आपलं नाव ठोकणार. बाबांनी वकिलाकडून घालून घेतलेलं कलम तुझ्या हिशेबनिसाने मला पुन्हा लिहून पाठवलंय, जसं काही मी ते विसरले असेन. एकाने बाहेरचं गिऱ्हाईक आणलं, तर दुसऱ्याने तेवढे पैसे मोजून त्याचा हिस्सा घ्यावा, नाहीतर दोघांनी विकावं. एप्रिल संपेपर्यंत मुदत. ओहायोवाला जी किंमत देतोय तिच्या निम्मे पैसे माझ्याकडे नाहीत, हे तुला माहीत आहे. मला विकायचं नाही, हेही माहीत आहे.

आज शनिवार. वाफेच्या अंघोळीसाठी सौना पेटवायची आहे, लाकडं आत आणायची आहेत. पुरे.

एल्मा

ता. क. पाटीवरचा 'सन' तू आहेस, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. फोन उचलला की विचारतात, 'मिस्टर राउतिओ आहेत का?' मी म्हणते, आहेत की, वाळवंटात.


मंगळवार, १३ फेब्रुवारी

रॉय,

काल डॉरीन आली होती. तुला डॉरीन आठवत असेल, शाळेत तुझ्या पुढच्या बाकावर बसायची, वेणी तुझ्या शाईत बुडायची. आता गावातल्या अर्ध्या लोकांचे कर तीच भरते आणि गुडघ्यांबद्दल कुरकुरते. मी आईसारखा निसू, गोड पाव, भाजला होता. वेलदोडा जरा जास्तच पडला, एकटीसाठी करायचं म्हटलं की प्रमाण चुकतं.

तुझ्या हिशेबनिसाला काय कळवायचं, ते ठरवायला ती आली होती. पाव दुधाळ कॉफीत बुडवून ती म्हणाली, "एल्मा, या पगाराच्या रकान्यात तू कुठे आहेस?"

"मी कशाला असेन? मालक पगार घेत नाही."

"मग काय घेतेस?"

"उरतं त्यातलं निम्मं. निम्मं रॉयचं."

"म्हणजे तू सकाळी सहाला बर्फ उपसतेस, दिवसभर जोडकाम करतेस, आणि रॉयला मिळतं तेवढंच तुला मिळतं?"

"भागीदारी निम्मी आहे ना, मग तेवढंच मिळणार."

डॉरीनचा पाव कॉफीत पडला. ती मला म्हणाली, "बाई गं, मी तीन वर्षं तुझे कागद करतेय आणि मला वाटलं या पगारात तू आहेस. याला मानीपणा म्हणत नाहीत, याला कायदा मोडणं म्हणतात. काम करणाऱ्या मालकाने रीतसर पगार घ्यायलाच हवा. तो न घेता नुसता नफा उचलला, तर सरकारला वाटतं पगारावरचा कर चुकवलास."

मी कर चुकवला! मी, जी चर्चच्या पेटीत बटण पडलं तरी घरी परत जाऊन नाणं आणते!

पण रॉय, हे तुला तरी ठाऊक आहे. बाबांचा नियमच होता. पगार परक्यांना. त्या ऑक्टोबरात बाबांचा उजवा हात लुळा पडला आणि मी मिलवॉकीची टेलिफोनची नोकरी सोडून बसमधून उतरले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, मला किती देणार? जेवताना विचारलं. त्यांनी डाव्या हातातला चमचा खाली ठेवला. "तुला पगार? तू काय परकी आहेस?" झालं. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. खरं सांगू, मला बरंच वाटलं होतं. घरची आहे म्हणून पगार नाही, हे किती दिवस मी पदकासारखं मिरवलं.

डॉरीनने आणखी एक विचारलं, ते मात्र लागलं. म्हातारपणाचं पेन्शन किती बसतं? मी सांगितलं. ती म्हणाली, "एवढंसं?" अरे, ते पगारावर ठरतं, आणि माझ्या नावावर पगार म्हणजे टेलिफोन कंपनीतला. त्यानंतरची सगळी वर्षं सरकारच्या दप्तरी मी बसूनच होते. हात भाजले, पाठ गेली, कान गेला एक, पण कागदावर मी काही केलंच नाही.

तिने मला घरचा अभ्यास दिलाय. उद्या मी नसले तर माझ्या जागी किती माणसं ठेवावी लागतील आणि त्यांना काय द्यावं लागेल, ते लिहून काढायचं. मी म्हटलं, एक जोडारी. एक फोनवर बोलणारा. एक जो पत्र्याच्या आवाजावरून सांगेल की हा तडकणार. आणि दर शनिवारी सौनात नवी भट्टी पेटवून, तिथे तास-दोन तास बसून, वाफ कशी येते ते बघणारा. डॉरीन म्हणाली, "शनिवारच्या कामाचे पैसे कोण मागणार? मी फुकट येते." मग म्हणाली, "येत नाही म्हणा, गुडघे."

एल्मा


शनिवार, २४ फेब्रुवारी

रॉय,

तुझं कार्ड आलं. निवडुंगाचं चित्र आणि मागे एकच ओळ. 'बर्नी गेला आणि तू कळवलं नाहीस.'

तर डॉरीनने तुझ्या हिशेबनिसाला फोन करून सांगितलं की शेवटचा पगारी माणूस नोव्हेंबरात वारला. तिला काय माहीत, तुला ठाऊक नाही म्हणून. आणि त्याने तुला सांगितलं असेल, 'पगाराचा आकडा खाली येण्याचं कारण समजलं' असं. बर्नी लाकॉस. ज्याने तुला मासे धरायला शिकवलं, ज्याच्या ट्रकच्या मांडीवर, म्हणजे त्याच्या मांडीवर बसून तू गाडी चालवायला शिकलास. तो तुला सवलतीच्या कागदावरून कळला. मला त्याचं वाईट वाटतं. खरंच वाटतं.

पण तू विचारतोस म्हणून सांगते. मी फोन उचलला होता. तुझा नंबर पाठ आहे मला, कधी लावत नसले तरी. मग मनात आलं, समजा मी सांगितलं आणि तो आला नाही तर? बाबांच्या वेळी तू आलास, दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफीच्या टेबलावर 'कारखान्याचे किती येतील' असं विचारलंस आणि सौना न घेता त्याच दिवशी विमान धरलंस. मी समजून घेतलं. पण बर्नीसाठी तू आला नसतास, तर तुझ्याबद्दल माझ्याकडे काही उरलं नसतं. म्हणून कळवलंच नाही. न विचारलेल्या माणसाने नाही म्हटलेलं नसतं.

आता सगळंच सांगते. आधीच्या पत्रात लिहिलं, सगळं ठीक आहे. ठीक काही नाही. कारखान्यात मी एकटी आहे. पत्रा कापते मी, जोडते मी, रंगवते मी, फोन वाजला की हातमोजे काढून धावते मी. परवा बाराला मी जेवणाची घंटा वाजवली. सवयीने. वाजवून झाल्यावर लक्षात आलं की कोण येणार आहे जेवायला! मग म्हटलं वाजवलीच आहे तर आपण जाऊ. गेले आणि खिम्याची पास्टी खाल्ली. बर्नीचा कप खुंटीवर आहे. तो काढला तर भिंतीवर गोल डाग दिसतो, म्हणून नाही काढत.

बर्नी गेला तो कामावर नाही, घाबरू नकोस. सौनातून बाहेर आला, ओसरीच्या बाकावर टॉवेल गुंडाळून बसला, म्हणाला, "एल्मा, आजची वाफ मऊ आहे." मी आत पाणी भरायला गेले. परत आले तर तो तसाच बसलेला. अंगातून अजून वाफ निघत होती रे. मला वाटलं, डोळे मिटून बसलाय. मी त्याच्या शेजारी बसून केविनच्या बायकोबद्दल बराच वेळ बोलत होते.

हे कुणालाच सांगितलं नव्हतं. की मी त्याच्याशी बोलत होते.

नवरा-बायको म्हणशील तर आम्ही तसे काही नव्हतो. गावाला वाटायचं, वाटू दे. तो पगारी माणूस. बाबांच्या भाषेत परका. शुक्रवारी मी त्याला पगाराचं पाकीट द्यायचे आणि तो दर शुक्रवारी म्हणायचा, "आणि तुझं?" मी म्हणायचे, "माझं घरचं आहे." तो मान हलवायचा आणि मला दुकानातून मनुका आणून द्यायचा. त्याच्या पगारातून. आता विचार केला की हसू येतं, तेवढाच मला या कारखान्याचा पगार मिळाला, मनुका.

सौना थंड होत चाललीय, मी लिहीत बसले. जाते.

एल्मा


गुरुवार, ७ मार्च

रॉय,

सोबतचा कागद नीट वाच. तुझ्या हिशेबनिसाला दाखव, वकिलाला दाखव, पण आधी तू वाच.

कंपनीचा ठराव आहे. डॉरीनने टंकलेला. 'श्रीमती एल्मा राउतिओ यांना दरसाल अमुक इतका पगार, अमुक तारखेपासून.' दोन्ही भागीदारांच्या सह्या लागतात. माझी केलीय. तारखेच्या जागी डॉरीनने पेन्सिलीने एक जानेवारी घातलंय. आकडा कोरा आहे.

डॉरीन म्हणाली, भर की आकडा. तिने बाहेरचे दर काढून आणले होते, जोडाऱ्याला हा, देखरेख करणाऱ्याला हा. मी पेन घेऊन बसले. तुला खोटं वाटेल, पण मला माझ्या नावापुढे आकडा लिहिताच येईना. भट्टीची किंमत विचार, झोपेत सांगेन. बर्नीचा पगार मी वाढवायचे तेव्हा एका मिनिटात ठरवायचे. पण माझं काम कितीचं? पेन टेकवलं की बाबांचा चमचा खाली ठेवलेला दिसतो. पगार घेतला की मी या घरात परकी होणार, असं काहीतरी वेड्यासारखं मनात येतं. या वयात! आणि घरात आहे कोण, ज्याच्यापुढे परकी व्हायचं?

म्हणून तू भर. जे काय वाटेल ते. तू पाहिलंयस ते काम, निदान लहानपणी. आणि तुझ्याच खिशातून निम्मं जाणार आहे.

आता तुझा फायदा-तोटा सांगते, म्हणजे पुढे 'एल्माने फसवलं' नको. बर्नी गेला, मी पगार घेत नाही, म्हणजे पुढच्या वर्षी पगाराच्या रकान्यात शून्य. शून्याचं निम्मं शून्य. तुझी सवलत साफ जाणार. मी पगार घेतला तर तो रकाना भरेल आणि तुला सवलत मिळेल, म्हणून तुझ्या हिशेबनिसाने डॉरीनला 'बाईंना पगार सुरू करा' असं उत्साहाने सांगितलंय. माझी मात्र सवलत घटेल, पगारावर ती मिळत नाही. तो माझा प्रश्न.

पण त्या बिचाऱ्याने पुढचं पाहिलेलं नाही. ओहायोवाल्याने किंमत लावलीय ती नफा बघून. आणि त्या नफ्यात एक आख्खं माणूस लपलेलं आहे, बिनपगारी. मी. माझा पगार वजा केला की नफा इतका खाली येतो की डॉरीनने दोनदा बेरीज केली. ओहायोवाल्याला हे सांगावंच लागणार, न सांगता विकणं म्हणजे लबाडी. सांगितलं की तो किंमत पाडेल, नाहीतर जाईल. किंमत पडली तर तुझा हिस्सा कदाचित मी हळूहळू घेऊ शकेन. गेला तर सगळं आहे तसं राहील. दोन्हीकडून मी वाचते आणि दोन्हीकडून तू बुडतोस.

तेव्हा तुझा हिशेबनीस म्हणेल, सवलतीपुरता थोडासा पगार लिहा, विक्रीपुरता नको. छोटा आकडा लिहिलास तर दोन्ही साधेल तुझं. कायद्याला चालेल की नाही ते डॉरीन बघेल, भांडेल, पण तू लिहिलेला आकडा मी खोडणार नाही. एवढं मी ठरवलंय. तू जो लिहिशील तो मी घेईन.

कारखाना गेला तर मी कुठे जाणार, हे विचारू नकोस. डॉरीनने विचारलं. तिच्या घरात एक खोली आहे म्हणे. तिला मांजरं आहेत सहा.

एल्मा


शनिवार, २३ मार्च

रॉय,

काही आलं नाही. टपाल उशिरा येतं या दिवसांत, रस्ता दोनदा बंद होता. तरी पोस्टातली पोरगी मला लांबूनच मान हलवून दाखवते, म्हणजे मला बर्फातून यायला नको. चांगली आहे. तरी मी जातेच खिडकीपर्यंत.

ओहायोवाल्याचा फोन आला होता. गोड बोलतो. म्हणाला, "तुमच्या वडिलांचा वारसा आम्ही जपू." मी म्हटलं, "वडिलांचा वारसा आत्ता छपरावरचं बर्फ पाडून आलाय, ओले मोजे वाळत घातलेत, जरा थांबा." त्याला कळलं नाही.

आज सौनात एकटीच होते. एकटीच असते म्हणा नोव्हेंबरपासून, पण आज जास्तच वाटलं. वरचा बाक सगळा मोकळा आणि मी आपली खालच्या बाकावर. लहानपणी आईने बसवलं तिथेच. वर बाबा, त्यांच्या बाजूला तू, कोपऱ्यात बर्नी. वर जाऊन बसायला कुणी मना करणार नाही, पण जमत नाही. दगडांवर पाणी टाकलं आणि सवयीने विचारलं, "अजून टाकू?" उत्तर आलं नाही म्हणून आणखी टाकलं नाही. मग रडू आलं. सौनात रडलेलं दिसत नाही, तेवढी सोय आहे.

मला तुझा राग येतो रॉय. किती वर्षं आला, आणि गेल्या दोन आठवड्यांत जास्तच आला. एक कागद आहे. एक आकडा लिहायचा आहे. वाटेल तो लिही, पण लिही. लहान लिहिलास तरी मला कळेल की तू मला किती धरतोस. काही न लिहिणं फार वाईट आहे.

हे पत्र टाकू की नको, अजून ठरलं नाही.

एल्मा


गुरुवार, ११ एप्रिल

रॉय,

पाकीट सोमवारी आलं. पोस्टातली पोरगी खिडकीतून हात हलवत होती, मी समजले नाही, मला वाटलं नेहमीसारखी नाही म्हणतेय. शेवटी ती कोट न घालता रस्ता ओलांडून आली.

घरी नेऊन उघडलं नाही. कारखान्यात गेले, बाबांच्या टेबलाशी बसले. आत पत्र असेल असं वाटलं होतं. नव्हतं. तू तसाच. नुसता ठराव, तुझी सही. आकडा लिहिलायस, तो खोडलायस, शेजारी त्याहून मोठा लिहिलायस, तोही खोडलायस. तिसरा राहू दिलास. तो डॉरीनने आणलेल्या दरांपेक्षा वर आहे. मी आधी म्हटलं, याला शून्य जास्त पडलं. नंतर बघते तर तू अक्षरातही लिहिलाय.

मग तारीख बघितली. डॉरीनचं पेन्सिलीतलं एक जानेवारी खोडलेलं. वर शाईने लिहिलंय, ४ ऑक्टोबर १९९१.

फोन वाजला, वाजू दिला.

तो शुक्रवार होता. तू मला घ्यायला आला होतास बसपाशी, बर्नीचा ट्रक घेऊन. खरं तर परत यायची पाळी तुझी होती, मुलगा तू, पाटीवर तू. तुझं शिक्षण अर्ध्यात होतं म्हणून मी आले. तू माझी पेटी ट्रकमध्ये टाकलीस आणि घरापर्यंत एक शब्द बोलला नाहीस. शनिवारी सौना झाली आणि रविवारी त्याच बसने तू गेलास. मला वाटायचं, ती तारीख या जगात फक्त मला माहीत आहे. तुला लक्षात असेल असं कधी, कधी म्हणजे कधीच वाटलं नाही रे मला.

डॉरीनला दाखवायला नेलं. तिने आकडा बघितला आणि शीळ घातली. तारीख बघितली आणि चष्मा काढला. मग म्हणाली, "हा कागद वाया गेला."

"म्हणजे?"

"मागच्या वर्षांच्या तारखेपासून पगार देता येत नाही, एल्मा. सरकार असलं मानत नाही. मेलेल्या वर्षांचा पगार कुठून देणार? नवा ठराव करावा लागेल, यंदाच्या तारखेचा. त्याची पुन्हा सही लागेल."

"पुन्हा?"

"पुन्हा. हा कुठल्याच कामाचा नाही," असं म्हणाली आणि तो कागद मला परत देताना दोन्ही हातांनी दिला.

ओहायोवाल्याला तुझ्याच हिशेबनिसाने तुझा आकडा कळवला म्हणे. तो म्हणाला, विचार करून सांगतो. डॉरीनच्या मते असं म्हणणारे परत येत नाहीत. तुझे केवढे पैसे गेले, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. भूल देणाऱ्याला कुणी भूल दिली होती का ती सही करताना? आभार मानणार नाही. मानायला बसले तर हे पत्र संपणार नाही.

वाया गेलेला कागद बर्नीच्या कपामागे खुंटीला लावलाय. डाग झाकला जातो.

नवा ठराव डॉरीनने टंकून दिलाय. आकडा तुझाच, तारीख यंदाची. माझी सही झालीय. तुझी राहिलीय. पण तो या पाकिटात घातलेला नाही, शोधत बसू नकोस. तो सौनाच्या ओसरीवर आहे, खिडकीत, दगडाखाली. टपालाने पाठवणार नाही. येऊन कर.

तळ्यावरचं बर्फ अजून आहे, पण रस्ता मोकळा झालाय. शनिवारी चारला पेटवते. कुठला शनिवार ते तू ठरव, मी दर शनिवारी पेटवतेच. कारखान्यात मात्र कशाला हात लावायचा नाही. काम केलंस तर तुलाही पगार द्यावा लागेल, आणि मला आता तो रकाना नीट भरायची सवय लावून घ्यायची आहे.

येताना लोकरीचे मोजे आण. तुझे जुने उंदरांनी खाल्ले.

एल्मा